एका ओळीतले दगड

आमच्या गावाचं नाव लिहीत नाही. पेणहून रोह्याकडे निघालं की मध्ये लागतं, एवढं पुरे. जे सांगणार आहे त्यात चूक माझी एकट्याची आहे. त्यापायी गावाला किंवा नगरपालिकेला बोल लागायला नको. तीसेक वर्षं मी तिथे आरोग्य विभागात कारकून होतो. माझ्या टेबलावर जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि गावच्या तीन मसणवट्यांचा कारभार. जन्माचा दाखला न्यायला येणारे पेढा ठेवून जायचे. मृत्यूचा दाखला न्यायला येणारे, मी डबा उघडला तरी, तोंडाकडे बघत उभे राहायचे. शेवटी मी डबा बंद करून आधी त्यांचं काम करायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो.

पहिली मसणवट नदीकाठची, पत्र्याची शेड असलेली. तिच्या मागे लहान मुलांना पुरायची जागा. आणि तिसरी गावाबाहेर, भाताच्या खाचरांना लागून, ज्यू लोकांची. आमच्याकडचे ज्यू म्हणजे बेने इस्राएल. किती पिढ्यांपूर्वी इथे आले कोणाला ठाऊक. घरात मराठी बोलायचे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मग एकेक घर इस्रायलला गेलं. त्यांची दफनभूमी बघायला कोणी उरलं नाही तेव्हा ती नगरपालिकेकडे आली, म्हणजे माझ्या टेबलावर आली.

मी शिस्तीचा माणूस. आल्या आल्या फाटकाला कुलूप लावलं आणि नियमांचा बोर्ड रंगवून घेतला. उघडण्याची वेळ, खड्ड्याची खोली, परवान्याशिवाय दफन करू नये, गुरं बांधू नयेत. शेवटी ‘पापड वाळत घालू नयेत’ असंही लिहवलं, कारण पलीकडच्या आळीतल्या बायका खाटा आणून खुशाल आत पापड घालायच्या. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं, “मेलेली मानसं पापड खातात काय ओ?” मी तिला रागावलो होतो. आता वाटतं, त्या बायकांनी तिथल्या दगडाला कधी हात लावला नव्हता. हात लावला तो मी.

झालं असं. वरून स्वच्छतेच्या पाहणीला समिती येणार असं पत्र आलं. हातात चार दिवस. ज्यू लोकांच्या जागेत घाणेरीची झुडपं छातीएवढी वाढलेली. दफनाच्या दगडांतले काही कलंडलेले, काही आडवे, एकाचा एकाला मेळ नाही. मातीचे उंचवटे पावसाने कधीच सपाट झालेले. मी मुकादमाला सांगितलं, रान साफ करा, तारेचं मोडकं कुंपण काढा, आणि हे दगड उपटून दोरी धरून एका ओळीत लावा, दोन दगडांत तीन हात अंतर ठेवून.

मुकादम माझ्यापेक्षा वयाने मोठा. तिथले खड्डे बापापासून त्यांच्याच घरात खणले जायचे. ते जरा वेळ घुटमळले. म्हणाले, “साहेब, कुठला दगड कुठं व्हता त्याची निशानी करून ठेवू काय? खुंट्या मारतो.”

“परवा माणसं यायचीत. खुंट्या कसल्या मारताय? उरका.”

त्यांनी उरकलं. अडतीस दगड एका ओळीत उभे राहिले. सगळ्यांना चुना मारला. जोहे गावच्या गणपती कारखान्यातून एक पेंटर आणला. एरवी गणपतीचे डोळे आखणारा हात तो, त्याने प्रत्येक दगडावर झोकदार लाल आकडे काढले. समितीतले साहेब खूश झाले, ओळीसमोर उभं राहून त्यांनी माझ्यासोबत फोटो काढला.

माझ्या बाजूने एकच सांगतो. आमच्यात माणूस जळतो, राख पाण्यात सोडतात, तेराव्याला गोड जेवलं की संपलं. तो कुठे आहे असं बोट दाखवायला जागाच उरत नाही. त्यामुळे दगड म्हणजे नावाची पाटी, आणि पाटी सरळ असली की झालं, अशीच माझी समजूत. इतकी वर्षं मसणवट्या सांभाळणाऱ्या माणसाला जागेची किंमत कळली नव्हती. सांगायला लाज वाटते.

त्या वेळी बाई गावात नव्हत्या.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई. मला तिसरी-चौथीला होत्या. गावातल्या शेवटच्या बेने इस्राएल त्याच. त्यांचे यजमान एस.टी.त ड्रायव्हर होते, रोहा-पेण गाडीवर. छातीत कळ येऊन पन्नाशीच्या आतच गेले. मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेली. बाईंच्या वर्गात छडी नव्हती. कोणाचं काही चुकलं की त्याने जागेवर उभं राहायचं आणि म्हणायचं, “बाई, चुकलं.” बाई म्हणायच्या, “बस खाली.” की तो विषय मिटला. पुन्हा त्यावरून कोणी कोणाला टोचून बोलायचं नाही. मी फार वेळा उभा राहिलेलो आहे.

मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या बाई आठ महिन्यांनी परत आल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे किल्ली मागायला आल्या. मीच बरोबर गेलो, कौतुक ऐकायला. बाईंनी फाटकातून बघितलं आणि म्हणाल्या, “बापरे, काय चकाचक केलंस रे!” मग त्या ओळीने नावं वाचत गेल्या. अक्षरांत चुना भरला होता तो नखाने काढून वाचत होत्या. एकविसाव्या दगडाशी थांबल्या. पदराच्या गाठीतून वाटेत उचललेला एक खडा काढून दगडावर ठेवला. त्यांच्यात फुलं वाहत नाहीत, येऊन गेलो याची खूण म्हणून दगड ठेवतात. मग त्यांनी मागे वळून तारेच्या जागी झालेल्या नव्या भिंतीकडे बघितलं.

“अरे, हे कुंपणाच्या जवळ होते ना? तारेला हात लागायचा माझा.”

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मुकादम गावात होते, त्यांचं डोकं ठिकाणावर होतं, चार दिवस खपून त्यांनी जागा शोधून दिल्याही असत्या. पण मी समितीकडून नुकतीच पाठ थोपटून घेतलेला माणूस. मी म्हणालो, “बाई, रान काढलं ना, म्हणून तसं वाटतं. कुंपण काढून भिंतही जरा बाहेर घेतलीय.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “तू म्हणतोस तर असेल.”

त्यानंतर सतरा वर्षं बाई तिथे येत राहिल्या. यजमानांच्या तिथीला, आणि गणपती उठल्यावर त्यांचं नवीन वर्ष येतं त्याच्या आधी. मी कुलूप काढून फाटकाशी थांबायचो. बाई दगडाशी बसून बोलायच्या. हळू आवाजात नाही, घरात नवऱ्याशी बोलावं तशा. नातू शाळेत जायला लागला. तुमच्या त्या कंडक्टरचं ऑपरेशन झालं. पोहे आता पहिल्यासारखे जाड मिळत नाहीत. पेणच्या स्टँडवर बसायला धड बाक नाय, तुम्ही असतात तर भांडला असतात. मधेच हसायच्या. ते हसू ऐकलं की मी भिंतीवरचे पोपडे मोजायला लागायचो.

मुलगी दर वर्षी बोलवायची. तिथे सगळं होतं, दवाखाना जवळ, नातवंडं, त्यांची माणसं. इथे प्रार्थनेला दहा पुरुष लागतात तर ते अलिबाग-पनवेलहून गाडी करून बोलवावे लागत. मी एकदा बाईंना म्हणालोही, जा की. बाई म्हणाल्या, “आणि ह्यांना एकटं टाकू? इथं दुसरं कोण येतं त्यांच्याकडं?”

माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना बाईंनी अर्ज दिला. अक्षर अजून तसंच, पट्टी लावून समास मारलेला. माझ्या मृत्यूनंतर एकवीस क्रमांकाच्या शेजारची जागा मला मिळावी. आधीपासून जागा राखून द्यायची नाही, हा नियम. शिवाय ती दफनभूमी नव्या दफनाला बंद करायचं घाटत होतं. मी हट्टाला पेटलो. जन्मात कधी नगरसेवकांच्या घरी पायऱ्या झिजवल्या नव्हत्या त्या झिजवल्या आणि ठराव मंजूर करून आणला. बाईंसाठी केलं असं गावात सगळ्यांना वाटलं. मलाही तसं वाटून घ्यायला आवडायचं.

मग जागा आखायचा दिवस आला. ओव्हरसियरने टेप धरला, मी चुन्याची फक्की ओढली. बाई बघत होत्या. त्या पुढे आल्या, आखलेल्या चौकोनात हळूच खाली बसल्या आणि दगडाच्या पायथ्याची माती हाताने सारखी करत म्हणाल्या, “बरोब्बर हात पोचतोय. एवढंच हवं होतं मला.”

उन्हाचं निमित्त करून मी फाटकाबाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून रोह्याला गेलो. मुकादम निवृत्तीनंतर तिथे मुलीकडे राहायचे. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, खाटेवर उशीला टेकून होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी विचारलं, ड्रायव्हरसाहेबांचा दगड आधी कुठे होता, काही आठवतं का? भिंतीपासून किती पावलं, कुठल्या बाजूला?

त्यांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आठवतायत. मग म्हणाले, “तवाच इचारलं व्हतं ना मी, साहेब? खुंट्या मारू काय म्हून?”

“हो. विचारलं होतंत.”

“आता कसं सांगू? तार गेली, झाडं गेली. कशावरून मोजू?” चांगल्या हाताने त्यांनी माझा हात धरला. “मला पन झोप नाय यायची कदी कदी. आमच्या बापानं खनलेलं व्हतं ते.”

त्यांच्या मुलीने चहा आणला. एवढी वर्षं हे ओझं मी एकटाच वागवतोय असं मला वाटत होतं. त्यांनी मला अडवलं होतं, तरी ते त्यांनीही वागवलं होतं.

परत आलो तो थेट बाईंच्या घरी. शुक्रवारची दुपार होती. शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून बाई स्वयंपाक उरकत होत्या, नारळ खवत होत्या. मी उंबऱ्याच्या आत बसलो आणि सगळं सांगितलं. समितीचं पत्र, चार दिवस, वाढलेलं रान, वरच्यांचा दबाव, मुकादम, दोरी, कुंपण. रोह्याला जाऊन आलो तेही सांगितलं. कार्यालयीन टिपणी वाचावी तसं मुद्देसूद सांगितलं. बाईंचा हात विळीवर थांबला होता.

“म्हणजे एकवीस नंबरच्या खाली हे नायत.”

“नाही, बाई.”

“कोण आहे?”

“कोणी असेल. किंवा कोणीच नसेल.”

“आणि हे?”

मी मान हलवली.

बाईंनी खवलेलं खोबरं एका ताटलीत काढलं, विळी मिटून भिंतीला लावली. मग म्हणाल्या, “सतरा वर्षं मी कोणाशी बोलत होते रे?”

मी उठलो. त्या दारापर्यंतही आल्या नाहीत. रस्त्यावर आल्यावर, खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. सतरा वर्षांचं ओझं मी त्या म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात ठेवून आलो होतो. दोन दिवस छान झोप लागली. त्या झोपेचा मला आजही राग येतो.

महिन्याभराने बाई कार्यालयात आल्या, अर्ज घेऊन. ‘सदर जागेची मला आवश्यकता नाही, तरी माझ्या नावे केलेली नोंद रद्द करावी.’ खाली सही. मी कागद हातात धरून बसलो.

“मुलीकडे जातेय,” बाई म्हणाल्या. “आता इथं कोणासाठी राहू?”

कार्यालयात सगळे काम थांबवून ऐकत होते. बाईंचा आवाज मात्र वर्गातल्यासारखाच होता, ना राग ना काही. त्या म्हणाल्या, “एक काम कर माझं. परदेशात मेलेल्या आमच्या माणसाच्या डोक्याखाली तिकडची, यरुशलेमची माती ठेवायची पद्धत आहे. मी तिकडेच मरणार, मला तिची काय गरज? मला इथली हवी. ह्यांची.”

“पण बाई, ते कुठे…”

“सगळीकडची घे,” बाई म्हणाल्या. “कुठंतरी असतीलच ना त्यात.”

नगरपालिकेच्या हद्दीतली माती परवानगीशिवाय उचलायची नाही, असा नियम मीच त्या बोर्डावर लिहून घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरून चमचा घेऊन गेलो. बाई पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर स्टीलची छोटी डबी. मी दगडांच्या ओळीकडे गेलोच नाही. भिंतीच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि पावलापावलावर वाकून चिमूट चिमूट माती घेत गेलो. कुठे लाल होती, कुठे काळी, कुठे नुसती मुरमाड. माझी कंबर भरून आली. बाई मधेच म्हणायच्या, “तो भाग राहिला बघ. भिंतीच्या कडेचा.” मी पुन्हा जायचो. डबी भरली तशी बाईंनी झाकण घट्ट लावलं, वरून रुमाल बांधला आणि पेणच्या पोह्यांच्या पिशवीत खोल ठेवून दिली.

“विमानतळावर विचारलं तर मसाला म्हणून सांगेन,” त्या म्हणाल्या आणि किंचित हसल्या. मला रडू फुटलं. बाई तिकडे बघत राहिल्या, खाचरांकडे. मी शांत होईपर्यंत थांबल्या. समजूत काही घातली नाही.

त्यांना न्यायला मोटार आली तेव्हा मी गेलो नाही. धीर झाला नाही.

मी निवृत्त झालो. त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी फोन आला, परदेशचा नंबर. बाईंची मुलगी होती. आई गेली, म्हणाली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही.

“आईने सांगून ठेवलं होतं तशी डबीतली माती डोक्याखाली ठेवली. बाबांच्या थडग्याची. तुम्ही स्वतः खणून दिलीत ना? आई सांगायची, माझ्या विद्यार्थ्याने काढून दिली म्हणून.”

म्हणजे बाईंनी लेकीला काही सांगितलं नव्हतं. वर्गात मिटलेला विषय बाई जशा मिटलेलाच ठेवायच्या, तसाच ठेवला होता. फक्त मी कधी उभा राहिलो नव्हतो. त्या शुक्रवारी बाईंच्या घरी मी पाऊण तास बोललो. पत्र, पाऊस, रान, साहेब, सगळं त्यात आलं. ‘चुकलं’ एवढा एक शब्द त्यात नव्हता. हे मला फोन कानाला लावून उभा असताना कळलं.

मुलगी रडत होती. म्हणाली, “काका, एक करता का? बाबांच्या दगडाचा फोटो पाठवा. मुलांनी कधी बघितलेला नाही. आणि आमच्या सगळ्यांच्या वतीने तिथे एक दगड ठेवा.”

सांगावं का तिला? पूर्वी एकदा खरं बोलून मी स्वतःचं ओझं उतरवलं होतं, आणि त्यापायी बाईंचं गाव सुटलं होतं. या वेळी सांगितलं असतं तर बाईंच्या डोक्याखालची मातीही मी त्या पोरीकडून काढून घेतली असती. मी म्हणालो, “पाठवतो.”

नव्या कारकुनाकडून किल्ली मागून घेतली. जाताना वाटेत थांबून खडी वेचली, पिशवी जड होईपर्यंत. आत घाणेरी पुन्हा वाढायला लागली होती. दगडांवरचा चुना बराचसा उडाला होता, लाल आकडे मात्र शाबूत होते. एकवीस नंबरचा पालापाचोळा काढला, फोटो घेतला, पाठवला. लगेच उत्तर आलं, हात जोडलेले आणि त्याखाली ‘बाबा’.

मग मी पिशवी उघडली. दगडांच्या ओळीवर एकेक खडा ठेवत गेलो. ओळ संपल्यावर मोकळ्या जमिनीवर ठेवत गेलो, माती घेतली होती तसाच, भिंतीच्या कोपऱ्यापासून, पावलापावलावर. ऊन चढलं. खाचरात लावणी चालली होती, तिकडच्या बायका काम थांबवून बघत होत्या. एकीने ओरडून विचारलं, “काय हरवलं काय ओ?” मी हात हलवून नाही म्हणालो.

शेवटचा खडा बाईंसाठी आखलेल्या चौकोनात ठेवला. चुन्याची रेघ पावसाने केव्हाच गेली होती. रद्द करायचा तो अर्ज मी नोंदवहीत कधी चढवला नाही, त्यामुळे कागदोपत्री ती जागा अजून बाईंचीच आहे. गुडघे धरून मी उठलो, सरळ उभा राहिलो, हात मागे बांधले.

“बाई, चुकलं,” मी म्हणालो.

बराच वेळ तसाच उभा होतो. बस खाली म्हणायला कोणी नव्हतं.